स्ट्रीमिंगचं सबस्क्रिप्शन आणि घरातल्या कॅसेट: दोन्ही एकाच फोनमध्ये कसं आणायचं?

गेल्या दिवाळीत सिडकोतल्या आमच्या घरी पप्पांच्या फोनमध्ये एक म्युझिक ॲप टाकून देत होतो. फॅमिली प्लॅनमध्ये त्यांना जोडलं, शोधायचं कसं ते दाखवलं आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "यात दहा कोटींच्या वर गाणी आहेत. तुम्ही फक्त नाव घ्या." पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यात आपली आजी आहे का रे?"

आजी, म्हणजे पप्पांची आई, पैठण तालुक्यातल्या आमच्या गावात जात्यावरच्या ओव्या म्हणायची. १९९८ साली पप्पांनी वाळूजच्या कंपनीतल्या पगारातून टेपरेकॉर्डर घेतला आणि एका सुट्टीत तिच्या ओव्या ६० मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतल्या. आजी आता नाही. कॅसेट आहे, पण तिच्या कडेला बुरशी दिसायला लागली होती. दहा कोटी गाण्यांत ती एक कॅसेट नव्हती आणि कधी येणारही नव्हती.

हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही, म्हणून हा लेख.

ॲप बंद होतात, गाणी गायब होतात

आधी गेल्या काही वर्षांत काय घडलं ते बघू. गुगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं. बाइटडान्स कंपनीचं रेसो भारतात ३१ जानेवारी २०२४ ला बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने विंक म्युझिक बंद करत असल्याचं सांगितलं आणि ग्राहकांसाठी ॲपलशी करार केला. विंक २०१४ पासून सुरू होतं, म्हणजे काही लोकांच्या दहा वर्षांच्या प्लेलिस्ट त्यात होत्या.

ॲप चालू असलं तरी गाणी राहतीलच असं नाही. स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आलं आणि काही आठवड्यांतच सारेगामाचा कॅटलॉग तिथून गेला. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्ही. आपल्या आईवडिलांच्या पिढीची कितीतरी भावगीतं याच कंपनीची. करार होऊन ती गाणी परत यायला २०२० उजाडलं. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकशी करार पुढे सरकला नाही, तेव्हा त्या लेबलची अनेक गाणी स्पॉटिफायवरून हटली. 'सैराट'चं संगीत काढणारं लेबल हेच.

यात कुणी फसवलं असं नाही. व्यवहारच तसा आहे. आपण दर महिन्याला पैसे भरतो ते ऐकण्याच्या परवानगीचे. ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणंसुद्धा कुलूपबंद फाइल असते, तिची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर. सबस्क्रिप्शन संपलं किंवा कंपनीचा लेबलशी करार संपला की किल्ली चालत नाही. वाळूजला भाड्याच्या रूमवर राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. रूम कितीही चांगली असली तरी खिळा ठोकायचा तर मालकाला विचारावं लागतं.

मग स्ट्रीमिंग सोडायचं का?

माझं उत्तर: नाही. मी दोन्ही टोकं करून बघितलीत. इंजिनिअरिंगला असताना माझ्याकडे एका हार्ड डिस्कवर साधारण ३,००० गाणी होती. शेवटच्या वर्षाला ती डिस्क गेली. दुसरी कॉपी नव्हती, चूक सर्वस्वी माझी. त्या रागात मी सगळं सोडून स्ट्रीमिंगवर आलो. नवीन गाणी शोधायला, प्रवासात ऐकायला, मित्राने सांगितलेलं लगेच लावायला त्याला तोड नाही. पण जे बाजारात नाही ते स्ट्रीमिंगवर नाही, हे पप्पांच्या प्रश्नाने कळलं.

'गीत रामायण'चंच बघा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ते प्रसारित झालं, तेव्हा ५६ गीतं वेगवेगळ्या गायकांनी गायली होती. पुढे ध्वनिमुद्रिका आल्या त्या सुधीर फडके यांच्या आवाजात, आणि आज आपण सहसा तीच ऐकतो. मूळ प्रसारण ऐकलेल्या माणसाच्या मनातलं 'गीत रामायण' वेगळं आहे. म्हणून मोठा कॅटलॉग आणि आपला संग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही लागतात.

तीन रस्ते, प्रत्येकाची अट वेगळी

यूट्यूब म्युझिक: कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून तुमच्या फाइल अपलोड करता येतात, एक लाख गाण्यांपर्यंत. एमपी३, एम४ए, फ्लॅक हे प्रकार चालतात. ती फक्त तुम्हाला दिसतात आणि सबस्क्रिप्शन नसलं तरी जाहिरातीशिवाय ऐकता येतात. बहुतेक मराठी घरांसाठी हा सगळ्यात सोपा रस्ता. पण लक्षात ठेवा, गुगल प्ले म्युझिकमध्येही अशीच सोय होती आणि ते बंद झालं. तेव्हा गाणी नव्या ॲपमध्ये हलवायची सोय दिली होती, पण ज्यांनी वेळेत हलवली नाहीत त्यांची गेली.

ॲपल म्युझिक: इथेही मर्यादा एक लाख गाण्यांची, पण पद्धत वेगळी. कॉम्प्युटरवरचं तुमचं गाणं कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आधीच असेल तर ते जुळवून घेतलं जातं, नसेल तरच अपलोड होतं. गोम इथेच आहे. जुळवणी चुकली तर मैफलीतल्या रेकॉर्डिंगच्या जागी स्टुडिओतलं गाणं वाजू शकतं. शिवाय २०० एमबीपेक्षा मोठी किंवा दोन तासांपेक्षा लांब फाइल अपलोड होत नाही, त्यामुळे कॅसेटचे तुकडे करावे लागतात. सबस्क्रिप्शन बंद केलं की क्लाउडमधली लायब्ररी बंद. कॉम्प्युटरवरच्या मूळ फाइल मात्र तुमच्याच राहतात.

स्पॉटिफाय: इथे अपलोड हा प्रकार नाही. 'लोकल फाइल्स' चालू केल्या की कॉम्प्युटरवरची गाणी ॲपमध्ये दिसतात. फोनवर न्यायची तर ती प्लेलिस्टमध्ये टाकायची, फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर ठेवायचे आणि फोनवर डाउनलोड करायचं. त्यासाठी प्रीमियम लागतं. खटाटोप आहे, पण तुमची फाइल कुणाच्या सर्व्हरवर जात नाही, हा फायदाही आहे.

चौथाही रस्ता आहे: जुन्या लॅपटॉपवर नॅव्हिड्रोम किंवा जेलीफिन टाकून घरचाच सर्व्हर. दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. मी केलाय, मजा येते. पण लाईट गेली की सर्व्हर गेला, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लाईटचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. हौस असेल तरच करा.

आमची कॅसेट कशी आली

पैठण गेटजवळच्या एका दुकानातून साधी ३.५ एमएम केबल आणली. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रातून लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर लावलं. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवली, म्हणजे चिकटलेली टेप मोकळी होते. बुरशी जास्त असेल तर हे घरी करू नका, टेप तुटते. जाणकाराकडे द्या.

रेकॉर्डिंग एमपी३ मध्ये करू नका. आधी डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅकमध्ये घ्या, कारण एमपी३ करताना काही आवाज कायमचा टाकून दिला जातो. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला साधारण १० एमबी घेतो, म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट ६०० एमबीच्या आसपास. आजच्या पेन ड्राइव्हपुढे हे काहीच नाही. ऐकायला एमपी३ कॉपी वेगळी बनवा. चार मिनिटांचं गाणं २५६ केबीपीएसला पावणेआठ एमबी होतं, हिशेब करून बघा.

मग नावं. 'ट्रॅक ०१' नावाची फाइल दहा वर्षांनी कुणालाच सापडत नाही. एमपी३टॅग किंवा पिकार्ड वापरून गायिकेचं नाव, गाव, साल फाइलच्या आत लिहा. नाव देवनागरी की रोमन, एकच ठरवा. नाहीतर एकाच गायकाचे ॲपमध्ये दोन गायक होतात.

फाइल साफ करताना मला आजीच्या आवाजाबरोबर जात्याची घरघर काढून टाकायचा मोह झाला. ऑडॅसिटीमध्ये ते बऱ्यापैकी जमतं. पप्पा म्हणाले, "राहू दे. जातं नसेल तर ओवी कशाची?" मूळ फाइल तशीच ठेवली. तुम्हीही कुठलाही फिल्टर कॉपीवरच लावा.

कायद्याचं थोडक्यात

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक वापराला जागा आहे. विकत घेतलेल्या कॅसेटची स्वतःच्या कपाटापुरती कॉपी आणि तीच कॉपी टेलिग्रामवर वाटणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं करू नका. घरचं रेकॉर्डिंग असेल तर तेही जाहीर टाकण्याआधी घरच्यांना विचारा.

माझा निष्कर्ष

सबस्क्रिप्शन ठेवा, पण त्याला कपाट समजू नका. यूट्यूब म्युझिक काय किंवा ॲपल काय, अपलोड म्हणजे ऐकायची सोय, बॅकअप नव्हे. मूळ फाइलच्या तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. आमची तिसरी प्रत आत्याकडे जालन्याला आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, तिन्ही उघडून वाजवून बघा.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि त्या आज 'पारी'च्या संग्रहात आहेत. पण ते अभ्यासक प्रत्येक घरी पोचू शकत नव्हते. आमच्या घरात ते काम पप्पांनी केलं होतं, मी फक्त केबल जोडली.

आता पप्पांच्या फोनमध्ये आजी आहे, 'अपलोड्स'मध्ये, अकरा तुकड्यांत. सकाळी चहाच्या वेळी ते लावतात. नंतर लगेच ॲप स्वतःहून एखादं रिमिक्स सुरू करतं आणि ते मला ओरडतात, "हे बंद कसं करायचं?" सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा. तुमच्या घरी कॅसेट असतील तर या सुट्टीत एक तरी काढा. टेप आपल्यासाठी थांबत नाही.