काळा कोट विटभट्टीवर कधी जाणार?

वज्रेश्वरीचे दर्शन घ्यायचे, तानसाकाठच्या गरम कुंडात अंग शेकायचे आणि मुंबईला परतायचे. भिवंडी तालुक्यातल्या विटभट्ट्यांवर राबणारे कातकरी या भाविकांना दिसत नाहीत. पावसाळा सरला की बयाणा घेतलेले कुटुंब पोराबाळांसह भट्टीवर येते. हिशेबाची वही मालकाकडे. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, तेव्हा अनेकदा मजुराच्याच अंगावर पैसे निघतात. याला मजुरी म्हणायचे की वेठ?

कायद्याने उत्तर कधीच दिले आहे. संविधानाच्या कलम २३ ने वेठ बंद केली. १९७६ च्या वेठबिगारमुक्ती कायद्याने असली कर्जे रद्द केली. कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही सावकारावरच टाकली. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे ही सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड मजुरांच्या खटल्यात बजावले. जिल्हा व प्रांत पातळीवरच्या दक्षता समित्यांत अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य असलेच पाहिजेत. आपल्या तालुक्यात ते तिघे कोण, हे किती वकिलांनी विचारले?

जवळच्याच उसगावातून विवेक व विद्युल्लता पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून हा लढा दिला. आपल्या वस्त्यांतून सनद घेऊन निघालेली पोरे तेव्हा कुठे होती, आणि आज कुठे आहेत?

"आधी पोट भरू द्या," असे तरुण वकील म्हणतात. प्रश्न खराच आहे. पण बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा त्यांच्याकडे तरी कुठे श्रीमंत पक्षकारांची रांग होती? त्यांनी कचेरी थाटली ती परळच्या दामोदर हॉलमध्ये, गिरणगावात. त्याच वाटेवर १९३७ चे खोतीविरोधी विधेयक आणि ७ नोव्हेंबर १९३८ चा कामगारांचा संप येतो. जातीचा आणि मजुरीचा प्रश्न त्यांनी कधी वेगळा मानला नाही. मग कातकरी आपल्या जातीचा नाही म्हणून त्याची फाईल दुसऱ्याची कशी?

सगळी वकिली सोडा, असे कोणी म्हणत नाही. आठवड्यातला एक दिवस द्या. भट्टीवर जा, वहीतला हिशेब वाचून दाखवा, प्रांताकडे अर्ज करा. वेठीच्या बळींना आणि अनुसूचित जाती-जमातींना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. तो वकील तुम्ही व्हा.

सनद समाजाच्या बळावर मिळाली आहे. तिचे कर्ज फेडायचे ते भट्टीवरच. जयभीम!