विश्लेषण : पदकानंतर कोटी, पण तालमीतल्या पोरांसाठी काय?

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्यानंतर राज्य सरकारने त्याला १ कोटी रुपये जाहीर केले. कौतुक योग्यच होते. मात्र पदकाआधीची एक बाब चर्चेत मागे पडली. २००९ पासून राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीने त्याच्या प्रशिक्षणाचा भार उचलला होता. सरकारी पैसा पदकाच्या कितीतरी वर्षे आधी त्याच्यापर्यंत पोहोचला होता. कोल्हापुरातील तालीम मंडळांच्या पोरांपर्यंत असा पैसा पोहोचतो का, हा खरा प्रश्न आहे.

तालमींचा खर्च कोण करत आले?

कोल्हापुरात तालीम म्हणजे फक्त आखाडा नव्हे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालीम मंडळे फुटबॉल संघांसाठी ओळखली जातात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. संस्थान संपले आणि भार लोकांवर आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी खाशाबा जाधवांना पाठवताना राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. त्या कांस्यपदकाचा अभिमान सर्वांनाच आहे. पण खेळाडूसाठी गुरुजींना घर गहाण ठेवावे लागणे ही व्यवस्था असू शकत नाही.

आज पैसा कुठून मिळू शकतो?

मुख्य वाटा तीन आहेत.

• राज्य सरकार : व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास अनुदान योजना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत चालतात. त्यांचा भर बांधकाम आणि साहित्यावर आहे.

• खेलो इंडिया : देशभर १ हजार लहान केंद्रांचे उद्दिष्ट ठेवून २०२० मध्ये ही योजना आली. केंद्राला सुरुवातीला एकदाच ५ लाख आणि पुढे दरवर्षी ५ लाख रुपये, अशी तिची रचना आहे. वार्षिक रक्कम प्रशिक्षकाचे मानधन आणि साहित्यासाठी वापरता येते. महिन्याला साधारण ४१ हजार रुपये झाले.

• सीएसआर : कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण आहे. कंपनीच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व मात्र सीएसआरमध्ये धरले जात नाही. त्यामुळे जर्सीवरचा लोगो आणि मैदानाभोवतीचे फलक हा वेगळा व्यवहार आहे.

मग अडते कुठे?

पहिली अडचण कागदपत्रांची. सीएसआरसाठी संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकर कायद्याखालील १२ए व ८०जी नोंदणी, सीएसआर-१ क्रमांक आणि लेखापरीक्षण केलेले हिशेब लागतात. बांधकामाच्या अनुदानासाठी जागेचा हक्क दाखवावा लागतो. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाचा कारभार स्वच्छ असला, तरी तो वहीत असतो. सरकारला आणि कंपनीला तो फाइलमध्ये लागतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. बहुतेक अनुदान दिसणाऱ्या गोष्टींना मिळते. इमारत आणि जिमची यंत्रे यांचे उद्घाटन करता येते, कोनशिला बसवता येते. प्रशिक्षकाचे मानधन, बूट, प्रवासभाडे आणि खुराक यांची कोनशिला बसत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा खेळ सुटतो तो बहुधा याच खर्चापायी. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला १० हजार रुपये भत्ता मिळतो. पण त्या निवडीपर्यंत टिकायचे कसे, याचे उत्तर योजनेत नाही.

काय करता येईल?

जिल्हा नियोजन समिती आणि महापालिकेने आपल्या क्रीडा निधीतील ठराविक हिस्सा फक्त प्रशिक्षक आणि खेळाडूंच्या चालू खर्चासाठी राखून ठेवावा. तो एका वर्षासाठी नव्हे, तर सलग तीन वर्षांसाठी द्यावा. कारण पोरगा एका हंगामात घडत नाही. निकष करंडकांचे नसावेत. किती मुले-मुली नियमित येतात आणि वर्षभरानंतर किती टिकतात, हे मोजावे. मुलींसाठी वेगळी वेळ आणि जागा देणाऱ्या मंडळांना प्राधान्य द्यावे.

क्रीडा कार्यालयाने अर्जांची वाट पाहत बसू नये. वर्षातून एकदा शिबिर घेऊन मंडळांची नोंदणी व हिशेबाची कामे मार्गी लावावीत. पेठेतल्या सनदी लेखापालांनीही त्यासाठी चार दिवस द्यावेत.

जबाबदारी मंडळांचीही आहे. स्पर्धेच्या बक्षिसांसाठी आणि मिरवणुकीसाठी वर्गणी गोळा होते, तशी ती प्रशिक्षकासाठीही व्हायला हवी. जमाखर्च दरवर्षी तालमीच्या दारात लावला, तर देणाऱ्यांचा हातही मोकळा होईल.

पदक आल्यावर पैसे देणे सोपे असते. तेव्हा कोणाला द्यायचे हे ठरलेले असते. पदकाआधी देण्यात जोखीम आहे. शंभर पोरांवर खर्च करावा, तेव्हा त्यातला एखादा पुढे जातो. उरलेली नव्याण्णव मैदानावर वाढतात, आणि तो खर्चही वाया गेलेला नसतो.