हिरवा रंग फासला म्हणजे ट्रक जिवंत होत नाही

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत आलेला जुना ट्रक किंवा जोंगा घ्यायचा, कुजलेल्या पत्र्यात पुट्टी भरायची, वरून हिरवा रंग फासायचा, बंपरवर डझनभर एलईडी लावायचे, मूळ इंजिन भंगारात देऊन कुठल्यातरी पिकअपचं डिझेल इंजिन ठोकायचं आणि फोटोखाली 'रेस्टोअर्ड' लिहायचं... याला रेस्टोरेशन म्हणत नाहीत. याला मेकअप म्हणतात. तोही प्रेताला केलेला.

कडक वाटलं? असू दे.

पावसाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी लोणावळ्याहून अ‍ॅम्बी व्हॅलीच्या रस्त्याला लागा, नाहीतर कामशेतवरून पवना धरणाकडे वळा. असले नमुने हमखास भेटतील. काही रिसॉर्टच्या गेटवर शोभेला उभे असतात; बॉनेटवर चढून लोक फोटो काढतात आणि बॉनेटखाली बघावं तर इंजिनाच्या जागी पोकळी. काही चालते असतात, पण आवाज ऐकला की कळतं, आत भलताच कुणीतरी बसलाय. आणि आमच्यासारखे हिंजवडीतले वीकेंड-वीर बाजूला उभे राहून म्हणतात, "काय मस्त मेंटेन केलीय यार!"

मेंटेन? कशाच्या जोरावर?

आता ही गाडी मुळात काय आहे ते बघू. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याकडे दुसऱ्या महायुद्धातून उरलेला खटारा बराच होता. त्यातून बाहेर पडायला जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला 'शक्तिमान' बनायला लागला. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. पुढे निसानच्या परवान्यावर 'वन टन' ट्रक आला, आणि १९६९ पासून जोंगा. जोंगा हे नावसुद्धा जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडून केलंय. वन टन आणि जोंगा या भावंडांचं काळीज एकच: जवळपास चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत शिधा, दारूगोळा आणि माणसं वाहिली ती शक्तिमानसारख्या गाड्यांनी. परेडमध्ये टाळ्या रणगाड्याला मिळतात. पण रणगाड्याचं डिझेल कुणीतरी पोचवायला लागतंच ना?

अहमदनगरला (आता अहिल्यानगर) १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. जाऊन या, मस्त आहे. ट्रकच्या नशिबी मात्र बहुतेक वेळा लिलाव, भंगारवाला आणि गॅस कटर. म्हणून जे थोडे खासगी हातांत वाचलेत त्यांचं काय होतं, हा नुसता हौसेचा प्रश्न राहत नाही.

आता रंगाकडे येऊ. ज्या ऑलिव्ह ग्रीनवर सगळे फिदा आहेत, तो खासगी गाडीला लावायला बंदी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम क्रमांक १२१. हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आणि नियमात अर्थ आहे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला करणारे गृह मंत्रालयाचं स्टिकर लावलेल्या गाडीतूनच आत घुसले होते. सरकारी दिसणारी गाडी आपण सहसा अडवत नाही. त्यामुळे हिरवा रंग लावून वर नंबरप्लेटवर लष्करी बाण रंगवणारे महाभाग देशप्रेम वगैरे काही दाखवत नसतात, फुकटचा रुबाब मारत असतात. म्हणजे गंमत बघा, ज्या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त खर्च होतो तीच नेमकी करायची नाहीये :)

दुसरा मुद्दा इंजिनाचा, आणि माझा खरा राग इथे आहे.

आपण आयटीवाले, आपल्याला तरी हे कळायला हवं. नवा टीम लीड येतो, दहा वर्षं जुना कोड उघडतो आणि दोन तासांत निकाल देतो: "कचरा आहे, पहिल्यापासून लिहू." त्या कोडमधली प्रत्येक विचित्र ओळ कधीतरी रात्री दोन वाजता कुणीतरी सोसलेल्या बगचं उत्तर असते, हे त्याच्या गावीही नसतं. नेटस्केपने ब्राउझर पहिल्यापासून लिहायला घेतला त्यावर जोएल स्पोल्स्कीने २००० सालीच तासलं होतं. ते आपण सगळ्यांनी वाचलंय, एकमेकांना फॉरवर्ड केलंय. मग ट्रकच्या बाबतीत अक्कल कुठे जाते?

इंजिन बदलणं म्हणजे मोबाइलची बॅटरी बदलणं नव्हे. नवं इंजिन बसवायला चासीवरचे माउंट कापावे लागतात, नवे वेल्ड करावे लागतात. गिअरबॉक्सला जोडायला मधे प्लेट घालावी लागते. पुढच्या अ‍ॅक्सलवरचं वजन बदलतं, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, डिझेलची थरथर ज्या फ्रेमने कधी सोसली नाही तिला ती सोसावी लागते. मग सहा महिन्यांनी वेल्ड तडकला की म्हणायचं, "जुन्या गाडीचं असंच असतं." अरे, जुनी गाडी तशीच ठेवली कुठे होतीस तू!

आणि कायदा? सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. पुढे जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, खासगी वापराची दुचाकी-चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली. अशा गाडीला वेगळी नोंदणी मिळते. म्हणजे सत्तरीच्या दशकातला तुमचा जोंगा आज ना उद्या त्या उंबरठ्यावर येणार. इंजिन ज्या दिवशी कापून काढलंत, त्या दिवशी तो दरवाजा तुम्ही स्वतःच्या हाताने लावून घेतलात.

तुम्ही म्हणाल, पेट्रोल इंजिन परवडत नाही. बरोबर आहे, ते पेट्रोल पीत नाही, ढोसतं. पण महाशय, तुम्ही या ट्रकमधून ऑफिसला जाणार आहात का? पुणे ते लोणावळा पासष्ट किलोमीटर, महिन्यातून दोनदा. इंजिन बदलायला जे पैसे घातलेत त्यात किती वर्षांचं पेट्रोल आलं असतं, एकदा एक्सेलमध्ये मांडून बघा. एक्सेल तर येतं ना?

तुम्ही म्हणाल, पार्ट मिळत नाहीत. शोरूममध्ये नाहीच मिळणार. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, त्या मापाचं बेअरिंग आजही मिळतं. बुश हवा असेल तर नमुना घेऊन भोसरीत लेथवाल्याकडे जा, करून देईल. आशियातल्या मोठ्या वाहन-पट्ट्यांपैकी एकात राहून "पार्ट मिळत नाहीत" म्हणणं म्हणजे नदीकाठी बसून तहानेने मरण्यासारखं आहे.

मग खरी दुरुस्ती कशी असते? कंटाळवाणी असते, हेच तिचं लक्षण. पहिले ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी. व्हील सिलिंडरमधले दगड झालेले रबर बदला. टाकीतला गंज काढा, नाहीतर तो कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसणार. आज पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून नळ्या-गॅस्केटं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचीच हवीत. शिशाचं पेट्रोल २००० साली देशभर बंद झालं, तेव्हा हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व्हच्या सीटा तपासा. गंजलेला पत्रा कापून नवा जोडा, वर पुट्टी थापू नका. लोणावळ्याचा पाऊस एका सीझनमध्ये तिचं पितळ उघडं पाडतो. काढलेल्या प्रत्येक नटाला चिठ्ठी, प्रत्येक टप्प्याचा फोटो. आणि जे कराल ते पुढच्या माणसाला उलटं फिरवता आलं पाहिजे. हेच आपल्याकडे व्हर्जन कंट्रोल म्हणून विकतात.

आणि हे सगळं शिकवणारी माणसं अजून आहेत. जरा नकाशा बघा. लोणावळ्यात आयएनएस शिवाजी, १९४५ पासून नौदलाचे इंजिनिअर घडवणारी. देहूरोडला आयुध डेपो. खडकीला लष्कराचं ५१२ बेस वर्कशॉप. या पट्ट्यात ज्यांनी आयुष्यभर लष्कराच्या गाड्या खोलल्या-जोडल्या ते निवृत्त होऊन कुठे गेले? इथेच आहेत. वडगावच्या पुढे जुन्या हायवेला अशाच एका काकांचं छोटं गॅरेज आहे. एका वन टनला तीन ठिकाणी "इंजिन संपलंय, बदला" असं सांगितलं होतं. काकांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक ब्लॉकला आणि दुसरं कानाला लावलं, दोनदा सेल्फ मारायला लावला आणि म्हणाले, "सायेब, इंजिन मेलं न्हाई, उपाशी हाय." पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटला होता. बस्स.

हे ज्ञान कुठल्याही पीडीएफमध्ये नाही. काकांची पोरं या धंद्यात नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही, कारण आपण काकांना इंजिन उतरवायचे पैसे देतो, ऐकायचे देत नाही. प्रत्येक इंजिन बदलताना आपण दोन गोष्टी भंगारात घालतो: एक लोखंडाची आणि एक या माणसांच्या डोक्यातली. लोखंड निदान वितळून पुन्हा येतं.

तेव्हा ज्यांच्याकडे पैसा आणि हौस दोन्ही आहे त्यांना एकच सांगणं. घ्या ट्रक, जरूर घ्या. पांढरा रंगवा, निळा रंगवा, चालेल. पण आठवड्याचा एक दिवस गॅरेजमध्ये काकांच्या शेजारी पाना धरून बसा, आणि ते जे बोलतील ते लिहून ठेवा. ते जमत नसेल तर ट्रक दुसऱ्याला घेऊ द्या.

आणि बाकीच्यांनी एवढंच करा. पुढच्या वेळी कुणी 'रेस्टोअर्ड' लिहून फोटो टाकला, की लाइक ठोकण्याआधी एक प्रश्न विचारा: "मूळ इंजिन कुठंय?"