टोनचं गणित आणि लॅबचं कुलूप

'टोन बोटांत असतो' असं हॉस्टेलवरचे सगळे गिटारवाले सांगतात. मान्य! पण थोडा टोन कपॅसिटरमध्येही असतो, बरं का.

डनलॉपचा क्रायबेबी जीसीबी-९५ घ्या. आतला जीव म्हणजे ५०० मिलिहेन्रीचा इंडक्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. म्हणजे आपला रेझोनन्सच! फॉर्म्युल्यात आकडे टाका, २२५० हर्ट्झच्या आसपास उत्तर येतं. टाच दाबली की सर्किटला तोच कपॅसिटर मोठा भासतो नि पीक खाली सरकतो. कपॅसिटर ०.०१५चा लावला तर सगळी रेंज साधारण १८ टक्के खाली येते, आवाज जाड होतो. इंडक्टरला पॅरलल असलेला ३३ केचा रेझिस्टर वाढवला की क्यू वाढतो, 'वाह' टोकदार होतो. कमी केला की मवाळ. लोक महागडा इंडक्टर शोधत बसतात. माझं मत, आधी हे चिल्लर भावाचे दोन पार्ट बदलून ऐका. एका वेळी एकच, आणि जुना जपून ठेवा.

हाच क्यू आपण व्हायवापुरता पाठ करतो, कानाने ऐकत नाही. कारण सोल्डरिंग आयर्न लॅबमध्ये आणि लॅबला पाचला कुलूप! सर, आठवड्यातून एक संध्याकाळ ती उघडी ठेवा. जर्नल पूर्ण करायला नाही, नुसतं काहीतरी खोलून बघायला. रजिस्टरवर सही करू, हवं तर डिपॉझिटही भरू. इंजिनिअर व्हायला आलोय, तर स्क्रू-ड्रायव्हरची भीती इथेच जायला हवी ना?