गाडी खाली बसवायचा नाद

आमच्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी जुनी, परदेशी बनावटीची, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. कंपनीचं नाव लिहू नको अशी त्याची ताकीद आहे, लोक लगेच किंमत काढतात म्हणे. आता तिच्या स्प्रिंगा बदलून ती दोन इंच खाली घ्यायची असं त्याच्या डोक्यात आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. ‘मावशी, नाद खुळा दिसेल बघ!’ हे त्याचं म्हणणं. माझं म्हणणं इथे लिहिते, कारण जेवताना तो कुणाला पुरतं बोलू देत नाही.

आता तुम्ही म्हणाल, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईला यातलं काय कळतं? मंडळी, कोल्हापुरात राहून यंत्रातलं अगदीच काही न कळणं अवघड आहे. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कामाला असायचे. शिवाय माझा एक विद्यार्थी शिवाजी उद्यमनगरात गॅरेज चालवतो. शुद्धलेखनात पार कच्चा, पण समजावून सांगण्यात माझ्यापेक्षा सरस. पुढचं पुष्कळसं त्याच्याकडून शिकलेलं आहे.

‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ हे नावच मुळी फसवं. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण दबलेली स्प्रिंग गप्प बसत नाही, ती उलट उसळी मारते, परत दबते, परत उसळते. ही उसळी थांबवायची हे शॉकअपचं काम. आत तेल असतं, पिस्टनला बारीक छिद्रं असतात, त्यातून तेल रेटून न्यावं लागतं आणि हालचालीची उष्णता होऊन जाते. म्हणजे दोघांचा संसार जुळलेला पाहिजे. कडक स्प्रिंग आणि दमलेला शॉकअप असं लग्न लावलं की गाडी खराब रस्त्यावर टणाटणा उडते. आणि टायर जेवढा वेळ हवेत, तेवढा वेळ ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही शोभेचे! टायर रस्त्याला धरून ठेवणं हे सस्पेन्शनचं पहिलं काम. आपल्या पाठीला मिळणारं सुख ही वरकमाई.

गाडी खाली घेतली की चाकाला वर सरकायला जागा कमी उरते. जागा संपली की रबराचा बंप स्टॉप लागतो आणि त्या क्षणी स्प्रिंग जणू लोखंडाची पहार होते. सरळ रस्त्यावर नुसतं आदळतं. पण हे गगनबावड्याच्या रस्त्याला, पावसात, वळणाच्या मध्यावर झालं तर टायरची पकड अचानक सुटते. आणि भाचा रविवारी पहाटे नेमका तिकडेच जातो! स्प्रिंग कापून घ्यायचा स्वस्त मार्ग तर नावच काढू नका. कापलेली स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते, कारण तोच भार कमी वेढ्यांवर येतो. वर खड्ड्यात ती आपल्या जागेवरून निसटायची भीती वेगळीच.

गतिरोधकांचा हिशेब मी वहीत मांडून दाखवला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. भाच्याच्या गाडीचं पोट जमिनीपासून १३ सेंटिमीटरवर आहे (मी त्याच्यासमोर पट्टीने मोजलं). दोन इंच खाली घेतली की उरतात ८. मानकातला उतार लांबलचक असल्यामुळे त्यावरून निघेलही कदाचित. पण आमच्या गल्लीतला गतिरोधक गल्लीतल्याच उत्साही मंडळींनी एका रात्रीत घातलेला. जेमतेम दीड फूट रुंद आणि उभा. तिथे पोट घासणारच.

‘रेसच्या गाड्या बघ की,’ असं तो म्हणतो. बघितल्या ना! आपल्या कोल्हापुरातच मोहितेंचा रेसिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. त्या कार्टला तर सस्पेन्शनच नसतं, सांगाडाच किंचित पिळवटतो आणि भागवून नेतो. ट्रॅक गुळगुळीत असतो, चालवणारा थोड्या वेळाने उतरतो, म्हणून चालतं. आणि रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचंच उदाहरण हवं तर १९६२ साली इंग्लंडात आलेली लोटस एलान घ्या. तिच्या स्प्रिंगा चक्क मऊ, पण शॉकअप त्यांना जुळणारे. खेड्यापाड्यांतल्या खडबडीत रस्त्यांवर ती जी चिकटून वळायची, त्याचे गोडवे जाणकार अजून गातात.

कायद्याचंही बघायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असे बदल गाडीत करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. झिजलेल्याच्या जागी तसंच नवीन घालणं ही दुरुस्ती. दोन इंच खाली घेणं ही दुरुस्ती नव्हे. उद्या अपघात झाला आणि विमावाल्यांनी यावर बोट ठेवलं तर?

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्याची मूळ तक्रार काय होती? ‘वेगात गाडी तरंगते, वळणावर लोळते.’ म्हणून मी त्याला उद्यमनगरात पाठवलं. गाडी वर उचलल्यावर काय निघालं? खालच्या आर्मचे बुश चिरलेले आणि मागच्या एका शॉकअपमधून तेल गळतंय. पुढच्या टायरवर कोरलेले चार आकडे २३१७, म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं रबर. ‘बाई, आजारी माणसाला नवीन कोट शिवून काय उपयोग?’ असं माझा विद्यार्थी म्हणाला. शुद्धलेखनाचे सगळे गुण मी त्याला त्या एका वाक्यावर देऊन टाकले.

या दोन सीटपैकी डावी सीट बहुतेक वेळा माझ्या बहिणीची असते. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय आणि तपासणीला तिला हाच घेऊन जातो. कडक स्प्रिंगांचा पहिला हप्ता ती भरणार, हे त्याला दिसत नाही असं नाही. पण गाडीचा फोटो चांगला येण्यापुढे ते मागे पडतं. असो.

तेव्हा माझा क्रम असा. आधी टायर आणि बुश, मग चारही शॉकअप, मग अलाइनमेंट. स्प्रिंगा कंपनीच्याच उंचीच्या. यावर एक पावसाळा गाडी चालव. तरीही वळणावर लोळते असं वाटलं तर थोडा जाड अँटी-रोल बार घाल. पण फार जाड नको, कारण तो डाव्या-उजव्या चाकांना बांधून ठेवतो आणि एका चाकाचा खड्डा दुसऱ्यालाही भोगावा लागतो.

एका बाबतीत मात्र मी भाच्याच्या बाजूने आहे. त्याला कमी-जास्त करता येणारे शॉकअप हवे आहेत, ते त्याने खुशाल घ्यावेत. महाग आहेत, पण त्यांची चकती फिरवून मऊ-कडक करता येतं. हायवेला हवं तर दोन घर कडक करावं, आणि आईला घेऊन निघताना मऊ बाजूला आणावं. मऊ बाजू कुठली, तिथे मी पांढऱ्या रंगाने खूण करून देणार आहे.