आपलं पाल आपणच आणावं

मंडळी, आज जरा कोरडा विषय घेतोय, पण शेवटपर्यंत वाचा.

लिनक्सवर 'रन' नावाची एक डिरेक्टरी असते. चालू असलेल्या सर्व्हिसेस आपल्या पीआयडी फाइल्स आणि सॉकेट्स तिथे ठेवतात. ही जागा रॅममध्ये असते, मशीन बंद झालं की सगळं साफ! २०११ मध्ये फेडोरा १५ ने ही पद्धत आणली, मग बाकीचेही आले. त्याआधी हा पसारा बऱ्याच ठिकाणी डिस्कवर असायचा, त्यामुळे इन्स्टॉल करताना एकदा बनवलेली डिरेक्टरी टिकायची. आपली सवय तिथेच अडकलीय.

पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर महिनोन् महिने बंद होत नाही, म्हणून हे लक्षातच येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात वणीकडच्या एका जिनिंगमध्ये मात्र लाइट गेली आणि आली, की काटापावतीची सर्व्हिस पडायची. लॉगमध्ये एकच ओळ: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. फोन यायचा, "भाऊ, मशीन तर चालू हाये, पण पावती निघून नाही राहिली." बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. वजनाची पावती नाही तर शेतकऱ्याला चुकारा कसला मिळतो!

यावरचे प्रचलित इलाज मला पटत नाहीत. आरसी-लोकलमध्ये 'एमकेडिर' टाकलं, तर ते सर्व्हिसच्या आधीच चालेल याची हमी नाही. सर्व्हिस रूट म्हणून चालवणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं.

आठवडी बाजार आठवा. संध्याकाळी पालं उठतात, मैदान मोकळं. पुढच्या आठवड्यात जो तो आपलं पाल घेऊन येतो, आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. सर्व्हिसनेही तसंच यावं. २०१४ पासून सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये 'रनटाइमडिरेक्टरी' ही एक ओळ (अर्थात रोमन अक्षरांत) लिहिली की पुरे. सुरू होताना डिरेक्टरी बनते, मालकी त्या सर्व्हिसच्या युजरकडे जाते, बंद होताना ती पुसलीही जाते. दोन सर्व्हिसेसची डिरेक्टरी सामायिक असेल तर 'टेम्पफाइल्स-डी' वापरा, नाहीतर एक थांबली की दुसरीच्या पायाखालची जागा जाईल.

आणि काम सोपवण्याआधी मशीन एकदा रीबूट करून नुसते बघत बसा. कुणी हात न लावता सगळं उठलं पाहिजे. तिकडे रात्री दोन वाजता हात लावायला तुम्ही नसता :)