कुशीची मजुरी कोण खातो?

ओतूरच्या मार्केटात कांदा निवडायला बसलेल्या आमच्या काही भगिनींमध्ये परवा एक विषय निघाला. एका सिनेनटीला सरोगसीतून मूल झाल्याची जुनी बातमी कुणीतरी मोबाईलवर वाचून दाखवली. दुसऱ्याचे मूल आपल्या पोटात नऊ महिने वाढवायचे आणि बाळंत होताच देऊन टाकायचे, असा तो प्रकार आम्ही समजावून सांगितला. कायदाही सांगितला, की या कामाचे पैसे आता घेता येत नाहीत. त्यावर गोणीवर बसलेली एक बाई चटकन म्हणाली, "म्हंजी सगळ्यांची हजेरी लागणार, अन् पोट वागवणारीचाच खाडा?" दिल्लीत कायदा करणाऱ्यांना जो प्रश्न पडला नाही, तो कांद्याच्या ढिगाशेजारी बसलेल्या एका मजूर बाईला पडला. आज त्याच प्रश्नाचा विचार आम्हाला करायचा आहे.

आपल्या देशात २००२ पासून सुमारे दोन दशके सरोगसीचा उघड बाजार चालला. गुजरातमधील आणंद शहर त्यासाठी जगभर गाजले. मुंबई-पुण्याचे दवाखानेही मागे नव्हते. परदेशी जोडपी येत, मूल घेऊन जात. २००८ मध्ये एका जपानी जोडप्याचा घटस्फोट झाला आणि इथे जन्मलेली त्यांची मुलगी कागदपत्रांअभावी अडकून पडली; प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१५ मध्ये परदेशी जोडप्यांना बंदी झाली. पुढे सरोगसी (नियमन) कायदा २०२१ आला आणि २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. या कायद्याने पैसे देऊन सरोगसी करवणे हा गुन्हा ठरवला. आता दवाखान्याचा व इतर ठरलेला खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा यापलीकडे त्या बाईला काहीही देता येत नाही. ती २५ ते ३५ वर्षांची हवी, लग्न झालेली हवी, तिला स्वतःचे मूल हवे आणि आयुष्यात एकदाच तिने हे करावे, अशा अटी आहेत.

बाजार उघड होता तेव्हा बाया या वाटेला का गेल्या? हौस म्हणून कुणी गेले नाही. सावकाराचे देणे, नवऱ्याचे आजारपण किंवा सुटलेले काम, मुलीची फी, डोक्यावरचे गळके पत्रे ही त्याची कारणे होती. ढोबळमानाने तीन-चार लाख रुपये हाती पडत. काम मिळाले तर दिवसाला तीन-चारशे रुपये कमावणाऱ्या बाईला एवढी रक्कम दहा वर्षांतही शिल्लक टाकता येत नाही. तिने हिशेब केला आणि स्वतःजवळ असलेली एकमेव मालमत्ता, म्हणजे स्वतःचे शरीर, पणाला लावले. पोटी मूल नसलेल्या बाईची ओंजळ भरली, याचे समाधानही काहींना होते. स्वतःच्या नावावर पहिल्यांदाच पैसे आले, याचा अभिमानही होता. अशा बाईला निर्बुद्ध म्हणणे आणि निर्लज्ज म्हणणे, दोन्ही आम्हाला मान्य नाही.

परंतु तिने स्वखुशीने निवड केली, असे म्हणून हात झटकणेही आम्हाला मान्य नाही. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या जुन्नर-आंबेगावच्या शिवारातही ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत वा दुखण्यात खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, म्हणून कित्येकींनी ती काढून टाकली. एकीची कूस मजुरीच्या आड येते म्हणून ती कापून टाकते. दुसरीची मजुरी पुरत नाही म्हणून ती कूस भाड्याने देते. दोघींची निवड एकाच दारिद्र्याने केली आहे.

तो जुना बाजार परत आणा, असे आम्ही म्हणत नाही. त्यात दलाल मालामाल झाले. न वाचता येणाऱ्या करारावर बायांचे अंगठे घेतले गेले. बीज देणाऱ्या बाईची जात आणि रंग विचारणारी जोडपीही त्या बाजारात होती. पण सरकारने बाजार मोडला म्हणजे काय केले? डॉक्टरची फी शाबूत राहिली. दवाखान्याचे बिल शाबूत राहिले. वकिलाची फी शाबूत राहिली. जिने नऊ महिने ओझे वाहिले, जिच्या जिवाला धोका झाला, तिची मजुरी तेवढी बंद झाली आणि तिला 'त्याग' असे गोंडस नाव मिळाले! हा त्याग नेहमी बाईनेच का करायचा?

ओतूरला हा प्रश्न नवा नाही. १८८४ च्या सुमारास इथल्या सत्यशोधकांनी भटजीला न बोलावता लग्न लावले. तेव्हा ग्रामजोशांनी कोर्टात धाव घेतली. लग्न लावले नसले तरी दक्षिणेवर आमचा वतनी हक्क आहे, हा त्यांचा दावा होता. काम न करता दाम मागणाऱ्यांना या देशात दाद मागायला न्यायालय होते. आज सर्व काम करणारीला दाम मागण्याचीच बंदी आहे. दीडशे वर्षांत उलटसुलट झाले म्हणावे, तर व्यवस्था मात्र तीच आहे.

मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बाळंतपण ही बाईची खासगी बाब मानली नाही. प्रसूतीच्या काळात मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि जो बाईच्या श्रमाचा लाभ घेतो त्याने भार उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. हे तत्त्व गिरणीतल्या बाईला लागू होते, तर सरोगेट मातेला का नाही?

आणखी एक गोष्ट. मूल हवे ते 'आपल्याच रक्ताचे', या हट्टातूनच कुशीची मागणी येते. या हट्टाच्या मुळाशी जात बसली आहे. सावित्रीमाई आणि जोतीराव फुले यांना मूल नव्हते. त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केले. कुणाचे रक्त, हे त्यांनी विचारले नाही. मूल नसलेल्या सुनेला वांझ म्हणून हिणवणाऱ्या समाजाने हा धडा कधी घेतला?

म्हणून आमची मागणी साधी आहे. जोवर ही पद्धत कायद्याने चालू आहे, तोवर त्या बाईला बुडालेल्या मजुरीची आणि पत्करलेल्या धोक्याची भरपाई सरकारी देखरेखीखाली, तिच्याच खात्यात मिळाली पाहिजे. करार मराठीत असावा, तो तिला वाचून दाखवावा आणि तिच्या बाजूने वेगळा वकील असावा. दलालाला मात्र थारा नको. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे वर्षभर काम, पुरेशी मजुरी आणि मुलांना फुकट शिक्षण या गोष्टी गावातच मिळाल्या पाहिजेत. मग खरोखर स्वखुशीने कोण पुढे येते ते दिसेल.

तोवर मातृत्वाचे गोडवे गाणाऱ्यांनी गोणीवर बसलेल्या त्या बाईपुढे उभे राहावे आणि सांगावे, खाडा तिचाच का?